कागद मागितला म्हणून रागावू नका : सेवाभावी संस्थांच्या विश्वस्तांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातल्या लहान-मोठ्या सेवाभावी संस्थांचे विश्वस्त, सचिव आणि खजिनदार

स. न. वि. वि.

मी सांगलीतल्या एका ज्येष्ठ नागरिक संघाचा खजिनदार. आमचे सभासद साठ-पासष्ट. बरेचसे पेन्शनवर जगणारे, काहींना तीही नाही. महिन्याच्या वर्गणीतून आणि कुणी वाढदिवसाला, कुणी वडिलांच्या श्राद्धाला दिलेल्या पाचशे-हजारातून वर्षाकाठी एक रक्कम साठते. ती आम्ही एखाद्या चांगल्या कामाला देतो. रक्कम तुमच्या दृष्टीने किरकोळ असेल, पण ती कुणाला द्यायची यावर आमच्याकडे दोन-दोन बैठका रंगतात.

२०२१ च्या जुलैत चिपळूण पाण्याखाली गेलं, महाड तालुक्यात तळीयेवर दरड कोसळली आणि दोन दिवसांत कृष्णाही पात्राबाहेर आली. २०१९ च्या पुरातला चिखल आमच्यातल्या कित्येकांच्या भिंतींवरून अजून पुरता गेला नव्हता. त्यामुळे पूर म्हटलं की इथल्या माणसाचा हात आपोआप खिशाकडे जातो. ऑगस्टमध्ये दोन तरुण आमच्या बैठकीला आले. कोकणातल्या मुलांना वह्या-दप्तरं द्यायची आहेत, म्हणाले. बोलणं नम्र, गळ्यात ओळखपत्र, हातात छापील पावतीपुस्तक. पावतीवर संस्थेचं नाव, 'ई' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक, खाली 'देणगी ८०-जी अंतर्गत करसवलतीस पात्र' ही ओळ. संघातर्फे आम्ही १५ हजार रुपये दिले. सभासदांनी आपापल्या परीने दिले ते वेगळे. आमच्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेने ५ हजार रोख दिले.

संघाची रक्कम मी स्वतः मोबाइलवरून पाठवली. कोड स्कॅन केला तेव्हा पडद्यावर संस्थेचं नाव आलं नाही, एका व्यक्तीचं आलं. मी ते वाचलं होतं. कार्यकर्ता असेल, म्हणून बटण दाबलं. चाळीस वर्षं सहकारी बँकेत काढलेला माणूस मी. दुसऱ्या कुणी असा व्यवहार माझ्यासमोर आणला असता तर मी तो परत पाठवला असता. त्या दिवशी समोर पूर होता, मुलं होती, आणि 'नाव वेगळं कसं?' हे विचारायला जीभ रेटली नाही.

पुढच्या मे महिन्यात त्या शिक्षिका माझ्याकडे आल्या. आयकराच्या नव्या नियमानुसार संस्थेने वर्षभरातल्या देणग्यांचं विवरण १०-बीडी नमुन्यात खात्याकडे भरायचं आणि देणगीदाराला १०-बीई हे प्रमाणपत्र द्यायचं. मुदत ३१ मेची. त्यांना ते आलं नव्हतं. (आलं असतं तरी उपयोग नव्हता. २ हजारांवरच्या रोख देणगीला ८०-जीची सवलत मिळतच नाही. हेही मी त्यांना देतानाच सांगायला हवं होतं.) पावतीवरचा फोन बंद. मग नोंदणी क्रमांक घेऊन मी सहायक धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात गेलो. तिथल्या एका लिपिकाने नोंद शोधून दिली. क्रमांक खरा होता. संस्थाही खरी होती. ती पैसे नेणाऱ्यांची नव्हती, एवढंच.

आता मी ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो त्या गोष्टीकडे येतो.

ती खरी संस्था शेजारच्या तालुक्यात निघाली. एसटीने तासाभराचा रस्ता. ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी एक छोटं वसतिगृह चालवतात. मी पोचलो तेव्हा पंगत बसली होती, भाकरी आणि मुगाची आमटी. मुलं धष्टपुष्ट नसतील, पण नीट होती, अंगावर धुतलेले कपडे होते, आणि वाढणाऱ्या बाईंना सगळ्यांची नावं तोंडपाठ होती. संस्था पाहणारे गृहस्थ सत्तरीतले. मी पावती दाखवली. त्यांना धक्काच बसला. त्यांच्या एका जुन्या पावतीचा फोटो काढून कुणीतरी नवं पुस्तक छापून घेतलं होतं. त्यांचं नाव वापरून लोकांना लुबाडलं गेलं हे ऐकून त्यांचे डोळे भरून आले.

मग मी सहज म्हणालो, "तुमचं नोंदणी प्रमाणपत्र आणि मागच्या वर्षीचा ऑडिट रिपोर्ट बघायला मिळेल का? आमच्या संघाला तुमच्याच कामाला काही देता येईल."

त्यांचा चेहरा बदलला. "म्हणजे आता तुम्ही आमच्यावरही संशय घेताय?"

हे वाक्य मी त्यानंतर निरनिराळ्या संस्थांत चार-पाच वेळा ऐकलं. कुठे रागाने, कुठे हसून, कुठे 'एवढी वर्षं झाली, आम्हाला कुणी विचारलं नाही' अशा शब्दांत. विश्वस्तहो, मला तुमच्याशी बोलायचंय ते याच वाक्यावर.

त्या गृहस्थांनी शेवटी ट्रंक उघडली. प्रमाणपत्र मिळालं, कडा वाळवीने खाल्लेल्या. परिशिष्ट एक, म्हणजे धर्मादाय कार्यालयातली संस्थेची नोंद, तिच्या उताऱ्यावर सात विश्वस्तांची नावं. त्यातले तिघे वारलेले. त्यांच्या जागी आलेल्या नव्या मंडळींची नोंदच नाही. बदल अर्ज करायचा राहून गेला होता. स्वतः हे गृहस्थ नऊ वर्षं संस्था ओढत होते, पण त्यांचंही नाव त्या उताऱ्यावर नव्हतं. ऑडिट तीन वर्षांचं थकलेलं, कारण सीएची फी द्यायची तर महिन्याचा किराणा अडतो. आणि बँकेचं खातं ज्यांच्या सहीने चालायचं त्यातले एक अंथरुणाला खिळलेले, म्हणून बऱ्याच देणग्या यांच्या स्वतःच्या खात्यावर येत होत्या.

मी तिथेच बाकावर बसून राहिलो. ज्या दोन पोरांनी आम्हाला फसवलं त्यांच्याकडे छापील पावती होती, ओळखपत्र होतं, कोड होता आणि कोडमागे एका व्यक्तीचं खातं होतं. या भल्या माणसाकडे पावती होती, आणि पैसे त्याच्याही व्यक्तिगत खात्यातच जात होते. पंगत आणि ती मुलं सोडली तर, नुसत्या कागदावरून, कोण खरा नि कोण खोटा हे मला ठरवता आलं नसतं. उलट कागदाच्या दृष्टीने ती पोरंच जास्त व्यवस्थित होती.

सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात, तसं पुढे झालं. आमच्या संघाने दोन वर्षं कुणालाच काही दिलं नाही. 'त्यापेक्षा मंदिराच्या जीर्णोद्धाराला देऊ, डोळ्यांसमोर तरी दिसेल' असा सूर निघाला. त्या वसतिगृहाला ते १५ हजार मिळाले असते तर सीएची थकलेली फी भागून वर किराणा आला असता. चोरी आमची झाली असं आम्ही म्हणत होतो. नुकसान त्यांचं जास्त झालं.

म्हणून सांगतो, कागद मागणारा माणूस तुमचा अपमान करायला आलेला नसतो. त्याच्या खिशात तुमच्यासाठी पैसे असतात आणि ते द्यायला त्याला एक आधार हवा असतो. कर नाही त्याला डर कशाला, हे मी मुद्दाम म्हणत नाही, कारण तुम्हाला डर नाही हे मला माहीत आहे. तुम्हाला वाईट वाटतं. एवढं झिजल्यावर कुणी पुरावा मागितला की मनाला लागतं. पण भामट्याला वाईट वाटत नाही. तो रागावतही नाही. तो हसतमुखाने पावती फाडतो. तुमच्या रागामुळे विचारणारा गप्प बसतो, आणि एकदा गप्प बसायची सवय लागली की पुढच्या वेळी भामट्यालाही तो काही विचारत नाही. माझं नेमकं असंच झालं होतं.

आपल्या भागात देणगीची रीत जुनी आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काल्याला रयत शिक्षण संस्था काढली, आणि पुढे मुष्टिफंडाने घरोघरच्या बायांनी दळणाआधी काढलेल्या मुठीवर वसतिगृहं चालली. माझी आजी अशी मूठ काढून ठेवायची, असं आई सांगायची. तळेगावची काच तर पैसा पैसा गोळा करून उभ्या राहिलेल्या पैसा फंडातून तयार झाली. तेव्हा मूठ घ्यायला येणारा माणूस कोण, कुणाचा, हे गावाला ठाऊक होतं. आज मागणारा फोनच्या पडद्यावरून येतो. गावाने ओळखायचं काम आता कागदाला करावं लागतं, आणि तो कागद तुमच्याशिवाय दुसरं कुणी तयार ठेवू शकत नाही.

कुठला कागद काय सांगतो, याबद्दल देणाऱ्यांमध्ये पुष्कळ गोंधळ आहे. तुमच्यातही आहे, हे मी अनुभवाने म्हणतो. आपल्याकडे १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याखाली नोंदणी होते. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली सोसायटी असेल तर तिचा तो क्रमांक वेगळा आणि धर्मादाय कार्यालयाने न्यास (ट्रस्ट) म्हणून दिलेला 'एफ' अक्षराचा क्रमांक वेगळा, असे दोन असतात. कुणी कंपनी कायद्याच्या कलम ८ खालची कंपनी असते, तिची नोंद धर्मादाय कार्यालयात सापडणार नाही, ती कंपनी निबंधकाकडे. यातलं काहीही दाखवलं तरी त्यातून एवढंच कळतं की अमुक नावाची संस्था अमुक दिवशी जन्माला आली. जन्मदाखल्यावरून माणूस आज काय करतो ते कळत नाही. ते कळतं परिशिष्ट एकच्या ताज्या उताऱ्यावरून आणि हिशेबावरून. विश्वस्त बदलला तर ९० दिवसांत बदल अर्ज करायचा असतो, आणि ३१ मार्चला वर्ष संपलं की सहा महिन्यांत लेखापरीक्षण व्हायला हवं. हे तुम्हाला सांगणं म्हणजे सूर्याला दिवा दाखवणं असेल, पण ज्यांच्याकडे मी गेलो त्यांतल्या निम्म्यांकडे शेवटचा बदल अर्ज कधी केला हे सांगणारं माणूस नव्हतं.

'आमचं दर्पणवर नाव आहे' असंही सांगितलं जातं. नीती आयोगाच्या त्या पोर्टलवर नाव असणं चांगलंच आहे, सरकारी अनुदानासाठी ते लागतं. पण तिथली माहिती संस्थेने स्वतः भरलेली असते. सरकारने तुमचं काम येऊन तपासलं, असा त्याचा अर्थ होत नाही. ८०-जीचंही तसंच. त्याने देणाऱ्याला करात सूट मिळते. ती मान्यता आता कायमची राहिलेली नाही, मुदतीची असते आणि वेळेत पुन्हा घ्यावी लागते. पंधरा वर्षांपूर्वीचं ८०-जीचं पत्र फ्रेम करून लावलेली एक कचेरी मी पाहिली. तिथल्या सचिवबाईंना ते आता चालत नाही हे खरोखर माहीत नव्हतं. त्या खोटं बोलत नव्हत्या, पण त्यांच्या पावत्यांवर विसंबलेल्यांचं काय?

एक छोटी गोष्ट मला या फसवणुकीनंतर कळली आणि ती मी आता भेटेल त्याला सांगतो. आयकर खात्याच्या नव्या नोंदणी क्रमांकाची पहिली दहा अक्षरं म्हणजे संस्थेचा पॅन. आणि पॅनचं चौथं अक्षर तो कुणाचा आहे ते सांगतं. 'टी' असेल तर ट्रस्ट, 'सी' कंपनी, 'ए' असेल तर व्यक्तींचा संघ, आणि 'पी' असेल तर एकटीदुकटी व्यक्ती. पावतीवर संस्थेचा पॅन ठळक छापा. देणाऱ्याला क्षणात ताडून बघता येतं. पावती कुणीही छापखान्यात छापून घेईल, १०-बीई मात्र आयकराच्या पोर्टलवर संस्थेच्या लॉगिनमधूनच निघतं. 'मे महिन्यात तुम्हाला १०-बीई येईल, नाही आलं तर या नंबरवर फोन करा' असं एक वाक्य पावतीवर असतं, तर आमच्या शिक्षिकेने ऑगस्टमध्येच काही विचारलं असतं.

आणि खातं. याबद्दल मी हात जोडून विनंती करतो. संस्थेचे पैसे संस्थेच्याच खात्यात घ्या. कोड संस्थेच्या नावाचा असू द्या, म्हणजे स्कॅन केल्यावर संस्थेचंच नाव उमटेल. २०२० च्या मार्चमध्ये पीएम केअर्स निधी जाहीर झाला आणि काही दिवसांतच त्याच्यासारखाच दिसणारा खोटा यूपीआय पत्ता फिरू लागला. खऱ्यातलं शेवटचं इंग्रजी 'एस' हे एक अक्षर तेवढं गाळलेलं. देशाच्या पंतप्रधानांच्या नावाच्या निधीचं हे होतं, तर तालुक्यातल्या वसतिगृहाच्या नावाची नक्कल करायला कितीसा वेळ लागणार? खऱ्या संस्थेचे पैसे नेहमी तिच्याच नावावर जातात हे लोकांच्या अंगवळणी पडलं, तरच वेगळं नाव दिसल्यावर बोट थांबेल. तुम्ही सोयीसाठी स्वतःचा नंबर देता तेव्हा वेगळं नाव चालतं, हेच त्यांना शिकवत असता.

त्या वसतिगृहाच्या बाबतीत हा प्रश्न थेट माझ्या घरात आला. माझा पुतण्या न्यू जर्सीत आहे, आता अमेरिकेचा नागरिक. त्याला मी ही हकीगत सांगितली तर म्हणाला, काका, मी त्यांना पाचशे डॉलर पाठवतो. गृहस्थांना कळवलं. ते आनंदाने म्हणाले, "माझ्या खात्यावर पाठवू दे की." हेतू निर्मळ. पण परदेशी नागरिकाची देणगी म्हणजे परकीय योगदान. त्यासाठी केंद्राच्या गृह मंत्रालयाची परकीय योगदान कायद्याखालची (एफसीआरए) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर तो पैसा स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. पुतण्या भारतीय पासपोर्टवर असता तर गोष्ट वेगळी होती. आम्ही ते पैसे थांबवले. भल्या माणसाला चांगल्या कामापायी कायद्याच्या कचाट्यात सापडलेलं मला पाहायचं नव्हतं. परदेशातल्या मराठी मंडळींकडून तुमच्यापैकी अनेकांना असे निरोप येत असतील. 'आम्हाला घेता येत नाही' असं स्पष्ट सांगणारी संस्था माझ्या मनात उलट मोठी होते.

मागायला माणसं पाठवताना त्यांच्याजवळ विश्वस्ताच्या सहीचं तारीख घातलेलं पत्र द्या, आणि त्यावर कचेरीचा असा फोन द्या जो उचलला जातो. गणपतीत साधी मंडळंसुद्धा वर्गणीसाठी त्याच १९५० च्या कायद्याच्या कलम ४१-सी खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी घेतात. तुम्ही तर वर्षभर मागता. आणि जमलं तर हिशेबाचा एक कागद दाराशी लावा, सगळा ताळेबंद नको. गेल्या वर्षी एवढे आले, एवढे अन्नावर, एवढे पगारावर, एवढे शिल्लक. पगाराचा आकडा लपवू नका. सेवाभावी संस्थेत कुणाला पगार असूच नये, असं आमच्यातल्या काहींना वाटतं, ते चूक आहे आणि बैठकीत मी त्यावर भांडतो. स्वयंपाक करणाऱ्या बाईंना पगार मिळायलाच हवा. पण तो आकडा दारावर दिसला तर भांडायला मला बळ येतं.

हे सगळं करायला पैसे आणि माणूस लागतो, मान्य. सीएची फी आहे, तालुक्याहून जिल्ह्याला चकरा आहेत, अर्ज आहेत, आणि वसतिगृहात रोज चाळीस ताटं वाढायची आहेत. म्हणून देणाऱ्यांच्या वतीनेही एक सांगतो. आम्ही लोक वह्या देतो, धान्य देतो, फोटो काढतो, पण ऑडिटच्या फीसाठी देणगी मागितली की नाक मुरडतो. तुम्ही ती मागा. निवृत्त बँकवाले, शिक्षक, कोर्टातले कारकून प्रत्येक गावात आहेत. त्यांना सकाळी फिरून आल्यावर दुपारपर्यंत काही काम नसतं. फायली लावायला, बदल अर्ज लिहायला बोलवा त्यांना. मी येईन, माझ्यासारखे आणखी येतील.

त्या दोन पोरांचा पत्ता लागला नाही. पोलिसांत तक्रार दिली, पण दहा महिने उलटून गेल्यावर. पैसे गेल्या गेल्या बँकेला आणि पोलिसांना कळवलं असतं तर खातं गोठवता आलं असतं कदाचित. आता त्यासाठी १९३० हा सायबर फसवणुकीचा मदतक्रमांक आहे. 

वसतिगृहाच्या गृहस्थांशी माझं पुढे चांगलं जमलं. पहिल्या भेटीतलं ते वाक्य ते विसरले नाहीत, मीही नाही. मी महिन्यातून दोनदा जाऊ लागलो. ट्रंकेतले कागद वर्षावार लावले. वारलेल्या तीन विश्वस्तांचे मृत्यूचे दाखले त्यांच्या घरी जाऊन आणले, उशीर माफ व्हावा म्हणून अर्जासोबत विनंती जोडली. बँकेचं खातं नव्या सह्यांवर सुरू झालं. थकलेल्या ऑडिटपैकी दोन वर्षांचं पुरं झालं, एक बाकी आहे, त्याची फी आमच्या संघाने द्यायचं ठरलंय. स्वयंपाकघराच्या दाराशी आता एक पाटी आहे. नोंदणी क्रमांक, पॅन, खात्याचं नाव, आणि खडूने लिहिलेला गेल्या वर्षीचा खर्च. खडूचा आकडा पुसला जातो म्हणून सातवीतली एक मुलगी दर सोमवारी तो पुन्हा गिरवते.

आमच्या संघाची बैठक दर महिन्याच्या पहिल्या रविवारी असते. यंदाची रक्कम अजून कुणालाच दिलेली नाही. ज्यांना हवी त्यांनी फाइल घेऊन यावं, चहा आमच्याकडे.

आपला स्नेहांकित,
खजिनदार,
एक ज्येष्ठ नागरिक संघ, सांगली